पिनबॉल यंत्रांचे विद्युत-यांत्रिक ते घन-अवस्था संक्रमण

पिनबॉल यंत्रांचे विद्युत-यांत्रिक ते घन-अवस्था संक्रमण म्हणजे नाण्यावर चालणाऱ्या पिनबॉल यंत्रांमधील रिले, पायरी-स्विच, मोटर व गुणचक्रे यांच्या जागी मायक्रोप्रोसेसर, स्मृती-चिप आणि ट्रान्झिस्टर यांचा वापर सुरू होण्याची प्रक्रिया होय. हा बदल मुख्यतः अमेरिकेतील शिकागो शहर व परिसरातील कारखान्यांत इ.स. १९७४ ते १९७९ या काळात घडला. चेंडू, उतरते फलक, बंपर व फ्लिपर हे खेळाचे दृश्य घटक या बदलानंतरही जवळपास तसेच राहिले. बदलली ती खेळाचे नियम साठवण्याची जागा. पूर्वी हे नियम तारांच्या जोडणीत होते, ते आता चिपमधील प्रोग्रॅममध्ये गेले. त्यामुळे खेळाची रचना, उत्पादनखर्च, दुरुस्तीचे कौशल्य आणि जुन्या यंत्रांचे जतन या सर्वांवर दूरगामी परिणाम झाले.

अर्धवाहक पदार्थाच्या घन तुकड्यात, कोणताही भाग न हलवता, विद्युतप्रवाहाचे नियंत्रण करणाऱ्या तंत्रज्ञानास घन-अवस्था तंत्रज्ञान म्हणतात. निर्वात नलिका आणि हलणारे संपर्क असलेले रिले यांच्यापासून वेगळेपण दाखवण्यासाठी ही संज्ञा रूढ झाली.

पार्श्वभूमी

पिनबॉलचा उगम बॅगाटेल या युरोपीय खेळात आहे. खिळे ठोकलेल्या लाकडी फळ्यावर लहान गोळी ढकलून ती ठरावीक कप्प्यात पाडणे, असे त्याचे स्वरूप होते. भारतात लहान मुलांसाठी विकला जाणारा खिळ्यांचा लाकडी बॅगाटेल फळा हा त्याच कुळातील आहे. इ.स. १८७१ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी गोळी उडवण्यासाठी स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट घेतले. हा दांडा आजच्या यंत्रांतही आढळतो.

इ.स. १९३१ मध्ये गॉटलीब कंपनीचे ‘बॅफल बॉल’ हे यंत्र मोठ्या प्रमाणावर विकले गेले. त्यानंतर लवकरच ‘बॅलीहू’ हे यंत्र आले आणि त्यावरूनच बॅली कंपनीचे नाव पडले. ही यंत्रे पूर्णतः यांत्रिक होती. गुणांची बेरीज खेळाडूलाच करावी लागे. इ.स. १९३३ मध्ये हॅरी विल्यम्स यांच्या ‘काँटॅक्ट’ या यंत्रात विजेचा वापर करून चेंडू कप्प्यातून बाहेर फेकण्याची सोय झाली. इ.स. १९४७ मध्ये गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात विजेवर चालणारे फ्लिपर आले. यामुळे पिनबॉलमध्ये नशिबाबरोबर कौशल्यालाही वाव मिळाला. १९५० च्या दशकात गुण दाखवणारी फिरती चक्रे प्रचारात आली आणि विद्युत-यांत्रिक पिनबॉलचे स्वरूप स्थिर झाले. पुढील सुमारे वीस वर्षे त्यात मूलभूत बदल झाला नाही.

विद्युत-यांत्रिक यंत्राची रचना

विद्युत-यांत्रिक पिनबॉल यंत्रात एकही चिप नसते. तरीही ते गुण मोजते, खेळाडूंची पाळी लक्षात ठेवते, शिल्लक चेंडूंची संख्या जाणते आणि ठरावीक गुणसंख्या गाठल्यावर मोफत खेळ देते. ही कामे पुढील घटक करतात.

रिले: तारेचे वेटोळे, लोखंडी पट्टी व संपर्कपट्ट्या यांनी रिले बनतो. वेटोळ्यातून प्रवाह गेला की पट्टी ओढली जाते. तिच्याबरोबर काही संपर्क जुळतात व काही सुटतात. ‘चेंडू या लक्ष्यावर आदळला असेल आणि तो दिवा लागलेला असेल, तर शंभर गुण द्यावेत’ असा नियम अनेक रिलेंचे संपर्क एकामागून एक जोडून प्रत्यक्षात आणला जाई.

पायरी-घटक: दात असलेले चाक विद्युतचुंबकाच्या प्रत्येक झटक्यासरशी एकेक घर पुढे सरकते आणि त्यावरील पितळी हात वेगवेगळ्या संपर्कबिंदूंना स्पर्श करतो. चेंडूंची संख्या, शिल्लक क्रेडिट, वाढत जाणारे बोनस गुण इत्यादींची मोजणी या घटकावर होते.

गुण-मोटर: सतत न फिरता गरजेपुरती फिरणारी ही लहान मोटर उंचवटे असलेल्या चकत्यांद्वारे संपर्क ठरावीक क्रमाने उघडते व मिटते. एका आघाताला पन्नास गुण द्यायचे असतील, तर ही मोटर दहाच्या चक्राला पाच झटके देते.

गुणचक्र: ० ते ९ आकडे छापलेले चक्र. ९ वरून ० वर जाताना त्याच्याजवळील स्विच पुढच्या चक्राला एक झटका देतो. अंकगणितातील हातचा येथे चक्राच्या प्रत्यक्ष हालचालीतून पुढे जातो.

या यंत्रात ‘स्मृती’ ही डोळ्यांना दिसणारी वस्तू असते. वीज गेली तरी गुणचक्र त्याच आकड्यावर थांबलेले राहते. नवा खेळ सुरू करताना सर्व चक्रे शून्यावर आणावी लागतात; नाणे टाकल्यावर ऐकू येणारा परिचित खडखडाट त्यामुळेच होतो.

मात्र अशा स्मृतीची किंमत मोठी होती. लक्षात ठेवायची प्रत्येक गोष्ट म्हणजे आणखी एक रिले किंवा पायरी-घटक, आणखी तारा आणि आणखी डाग. चार खेळाडूंच्या यंत्रात प्रत्येकाची प्रगती स्वतंत्रपणे जपायची तर हा साठा चौपट करावा लागे. म्हणून अशा यंत्रांत सामान्यतः प्रत्येकाचे फक्त गुण जपले जात आणि चेंडू बदलताच फलकावरील दिवे व उद्दिष्टे पूर्वस्थितीत येत. पायरीपायरीने काही गोळा करत जाण्याचे नियम मुख्यतः एका खेळाडूच्या यंत्रांतच शक्य होत.

बदलाची कारणे

१९७० च्या दशकात अनेक कारणे एकत्र आली. विद्युत-यांत्रिक यंत्राच्या उत्पादनात तारांचे जुडगे हाताने बांधणे, शेकडो टोकांना डाग देणे आणि प्रत्येक संपर्कपट्टीतील अंतर हाताने जुळवणे, ही कष्टाची कामे होती. नव्या खेळासाठी नवे नियम हवे असल्यास सगळी जोडणी नव्याने आखावी लागे.

दुसरीकडे अर्धवाहक उद्योगाची झपाट्याने वाढ होत होती. इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर इ.स. १९७१ मध्ये, तर इंटेल ८०८० व मोटोरोला ६८०० हे इ.स. १९७४ मध्ये बाजारात आले. काही वर्षांतच त्यांच्या किमती उतरल्या. इ.स. १९७२ मधील अटारीच्या ‘पाँग’ या व्हिडिओ खेळाने करमणूक केंद्रात इलेक्ट्रॉनिक यंत्रे चालू शकतात हे दाखवून दिले होते.

याच सुमारास पिनबॉलची सामाजिक प्रतिष्ठाही बदलत होती. जुगाराशी संबंध जोडला गेल्यामुळे न्यूयॉर्क शहरात इ.स. १९४२ पासून पिनबॉलवर बंदी होती. इ.स. १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी नगरपरिषदेच्या समितीपुढे प्रत्यक्ष खेळून हा कौशल्याचा खेळ असल्याचे दाखवले आणि बंदी उठली. शार्प यांनी हे प्रात्यक्षिक विद्युत-यांत्रिक यंत्रावर केले होते. तंत्रज्ञान बदलण्याच्या वेळीच बाजारपेठही विस्तारत होती.

पहिले प्रयोग

इ.स. १९७४ मध्ये मिलवॉकी येथील डेव्ह नटिंग असोसिएट्स या संस्थेत डेव्ह नटिंग व जेफ फ्रेडरिक्सन यांनी बॅलीच्या ‘फ्लिकर’ या यंत्रातील रिले व पायरी-घटक काढून टाकले आणि त्यांच्या जागी इंटेल ४००४ मायक्रोप्रोसेसर बसवला. गुणचक्रांऐवजी विद्युत अंकदर्शक लावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बॅलीच्या अधिकाऱ्यांना हे यंत्र दाखवण्यात आले. मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या पिनबॉलच्या इतिहासात हा प्रयोग महत्त्वाचा मानला जातो.

या प्रयोगातील खरी अडचण गणनेची नव्हती. पिनबॉलच्या पेटीत विद्युतचुंबक सतत चालू-बंद होत असतात आणि प्रत्येक वेळी तारांमध्ये तीव्र विद्युत गोंगाट निर्माण होतो. रिलेला त्याचा त्रास होत नाही; परंतु काही व्होल्टवर चालणारी चिप त्यामुळे चुकीचा संकेत घेऊ शकते. स्विचचा संपर्क जुळताना किंचित थरथरतो, त्यामुळे एक आघात अनेक आघातांसारखा भासू शकतो. या दोन्ही दोषांवर मंडलरचना व प्रोग्रॅम यांच्या साहाय्याने मात करावी लागली.

बाजारात आलेले पहिले घन-अवस्था पिनबॉल यंत्र म्हणून सामान्यतः ‘स्पिरिट ऑफ ७६’ या यंत्राचा उल्लेख होतो. ॲरिझोना राज्यातील मिर्को गेम्स या कंपनीने ते इ.स. १९७५ मध्ये सादर केले. ते अल्प संख्येने तयार झाले आणि व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी ठरले नाही. पण मोठ्या कंपन्यांना बदलाची दिशा कळली. पुढे बॅलीने या तंत्रज्ञानाच्या पेटंटवरून प्रतिस्पर्धी कंपन्यांविरुद्ध दीर्घकाळ खटला चालवला.

प्रमुख कंपन्यांचे संक्रमण

बॅली: बॅलीने मोटोरोलाच्या ६८०० कुळातील प्रोसेसरवर आधारित स्वतःची प्रणाली विकसित केली. ‘फ्रीडम’, ‘नाइट रायडर’ व ‘ईव्हल निव्हल’ ही तिची सुरुवातीची घन-अवस्था यंत्रे होत. यांपैकी काही यंत्रे दोन्ही तंत्रांत काढण्यात आली, कारण अनेक ग्राहक अद्याप जुन्या तंत्रावरच विश्वास ठेवत होते. इ.स. १९७७ मधील ‘एट बॉल’ या यंत्राच्या २०,२३० प्रती तयार झाल्या. हा आकडा इ.स. १९९२ मध्ये ‘द ॲडम्स फॅमिली’ने मोडला.

विल्यम्स: विल्यम्सचे ‘हॉट टिप’ हे यंत्र इ.स. १९७७ मध्ये दोन्ही तंत्रांत आले. त्यानंतर कंपनी लवकरच पूर्णपणे घन-अवस्था यंत्रांकडे वळली. स्टीव्ह रिची यांनी रचलेल्या ‘फ्लॅश’ या १९७९ मधील यंत्रात खेळाच्या चढत्या रंगाबरोबर बदलणारा सततचा पार्श्वध्वनी होता. त्याच वर्षीचे ‘गॉर्गर’ हे बोलणारे पहिले पिनबॉल यंत्र होते; त्याचा शब्दसंग्रह अवघ्या सात शब्दांचा होता.

गॉटलीब: विद्युत-यांत्रिक कारागिरीसाठी नावाजलेली ही कंपनी तुलनेने सावध होती. तिचे पहिले घन-अवस्था यंत्र ‘क्लिओपात्रा’ इ.स. १९७७ मध्ये आले. रॉकवेल कंपनीच्या चिपवर आधारित ही प्रणाली, विशेषतः तिच्या भूजोडणीतील कच्चेपणामुळे, तंत्रज्ञांना त्रासदायक ठरली. गॉटलीबने इ.स. १९७९ पर्यंत थोडी विद्युत-यांत्रिक यंत्रेही बनवली आणि १९८० मध्ये नवी प्रणाली आणली.

इतर: शिकागो कॉइन या जुन्या कंपनीची मालमत्ता घेऊन इ.स. १९७७ मध्ये स्टर्न इलेक्ट्रॉनिक्स सुरू झाली. अटारीने ‘द अटारियन्स’ या रुंद पेटीच्या यंत्राद्वारे पिनबॉलमध्ये प्रवेश केला. पण दशकाअखेरीस ती या व्यवसायातून बाहेर पडली. युरोपात इटलीतील झाक्कारिया या कंपनीनेही याच काळात घन-अवस्था यंत्रे सुरू केली.

घन-अवस्था यंत्राची रचना

घन-अवस्था यंत्रात सामान्यतः प्रोसेसर-फलक, चालक-फलक, वीजपुरवठा-फलक, ध्वनी-फलक व अंकदर्शक असे भाग असतात. खेळाचे नियम केवळ वाचता येणाऱ्या स्मृतीत साठवलेले असतात. सुरुवातीच्या यंत्रांत हा प्रोग्रॅम काही किलोबाइट एवढाच असे.

फलकावरील स्विच प्रत्येकी स्वतंत्र तारेने प्रोसेसरला न जोडता जाळीच्या रचनेत जोडतात. आठ उभ्या व आठ आडव्या तारा घेतल्यास १६ तारांत ६४ स्विच ओळखता येतात. प्रोसेसर एका वेळी एका उभ्या तारेवर संकेत पाठवतो आणि कोणत्या आडव्या तारेवर तो परत येतो हे पाहतो. ही तपासणी सेकंदात अनेकदा होत असल्याने चेंडूचा क्षणिक स्पर्शही सुटत नाही. प्रत्येक स्विचजवळचा डायोड संकेतास उलट वाटेने जाण्यापासून रोखतो. अनेक प्रणालींत दिव्यांसाठीही अशीच जाळी वापरली गेली.

प्रोसेसरचा दुर्बळ संकेत विद्युतचुंबक हलवू शकत नाही. त्यासाठी चालक-फलकावरील ट्रान्झिस्टर मोठा प्रवाह चालू-बंद करतात. यंत्र बंद असताना उच्चांक व हिशेब जपण्यासाठी प्रोसेसर-फलकावर लहान बॅटरी बसवलेली असे.

फ्लिपर मात्र अनेक वर्षे जुन्याच पद्धतीने चालत राहिले. खेळाडूने बटण दाबताच विद्युतचुंबकाचे मंडल थेट पूर्ण होई; प्रोसेसर फक्त खेळ चालू आहे की नाही एवढेच ठरवी. या अर्थाने घन-अवस्था पिनबॉल हे पूर्णतः घन-अवस्था यंत्र कधीच नव्हते.

खेळावरील परिणाम

स्मृती स्वस्त होताच नियमांची व्याप्ती वाढली. ‘एट बॉल’मध्ये बिलियर्डच्या चेंडूंवर आधारित उद्दिष्टे होती आणि प्रत्येक खेळाडूने गाठलेली उद्दिष्टे त्याच्या पुढील पाळीपर्यंत जपली जात. चार खेळाडूंच्या विद्युत-यांत्रिक यंत्रात हे अत्यंत खर्चिक ठरले असते. एकाच वेळी अनेक चेंडू खेळवण्याची कल्पना बॅलीच्या १९५६ मधील ‘बॉल्स-अ-पॉपिन’ या यंत्रातही होती. परंतु चेंडू अडकवून ठेवणे, ते मोजणे व योग्य क्षणी सोडणे हे क्रमबद्ध नियम ‘फायरपॉवर’ या १९८० मधील यंत्रानंतर सार्वत्रिक झाले.

ध्वनीतही बदल झाला. विद्युत-यांत्रिक यंत्रात धातूच्या पट्ट्यांवर हातोडी आपटून घंटानाद होई. सुरुवातीच्या अनेक घन-अवस्था यंत्रांनीही हाच नाद कायम ठेवला. इलेक्ट्रॉनिक ध्वनी व वाणी नंतर आली.

यंत्रमालकासाठी सर्वांत उपयुक्त बदल हिशेबाचा होता. किती नाणी पडली, किती मोफत खेळ दिले गेले, याची नोंद यंत्र स्वतः ठेवू लागले. मोफत खेळासाठी लागणारे गुण, चेंडूंची संख्या इत्यादी गोष्टी स्विच बदलून ठरवता येऊ लागल्या. दिवे, विद्युतचुंबक व स्विच यांची स्वयंचाचणीही उपलब्ध झाली.

तथापि, ज्या चिपमुळे पिनबॉल समृद्ध झाले त्याच चिपमुळे त्याला प्रतिस्पर्धीही मिळाला. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) आणि ‘पॅक-मॅन’ (१९८०) यांसारख्या व्हिडिओ खेळांत हलणारे भाग जवळजवळ नव्हते. त्यांची देखभाल सोपी व जागेची गरज कमी होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस पिनबॉलची मागणी मोठ्या प्रमाणावर घटली.

दुरुस्ती व जतन

या संक्रमणाचा सर्वाधिक परिणाम दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांवर झाला. विद्युत-यांत्रिक यंत्राचा दोष बहुधा डोळ्यांना दिसतो किंवा कानाला कळतो: काजळलेला संपर्क, वाकलेली पट्टी, घट्ट झालेल्या जुन्या वंगणामुळे अडकलेला पायरी-घटक. बारीक कानस, पकड, चाचणी-दिवा आणि कागदावरील मंडल-आकृती एवढ्या साहित्यावर अनुभवी व्यक्ती यंत्र सुरू करू शकते. आकृतीतील कोणता रिले केव्हा ओढला जातो याचा क्रमवार माग काढणे हे त्यातील मुख्य कौशल्य होय.

घन-अवस्था यंत्रात दोष चिपच्या आत असू शकतो. त्यासाठी मल्टिमीटर व ऑसिलोस्कोपचा वापर, डाग काढून चिप बदलणे आणि स्वयंचाचणीचे संकेत वाचणे ही नवी कौशल्ये लागली. या यंत्रांचे काही दोष आता सर्वपरिचित आहेत. प्रोसेसर-फलकावरील बॅटरी गळून तिच्या क्षाराने तांब्याच्या वाटा खाल्ल्या जातात. जोडणीच्या पिना उष्णतेने जळतात. चालक-ट्रान्झिस्टर बिघडून कायमचा चालू राहिल्यास विद्युतचुंबकाचे वेटोळे तापून जळते. म्हणून जुने यंत्र मिळताच प्रथम बॅटरी काढून टाकावी, असा सल्ला संग्राहकांना दिला जातो.

जतनाच्या दृष्टीने दोन्ही तंत्रांची स्थिती परस्परविरुद्ध आहे. विद्युत-यांत्रिक यंत्राचा प्रत्येक भाग तत्त्वतः पुन्हा घडवता येतो. पण त्याचे नियम त्या वस्तूपासून वेगळे काढता येत नाहीत. घन-अवस्था यंत्रातील चिपचे उत्पादन बंद पडू शकते. मात्र तिच्यातील प्रोग्रॅमची हुबेहूब प्रत काढून तो नव्या बदली फलकावर किंवा संगणकावर चालवता येतो.

समांतर उदाहरणे

पिनबॉलमधील हा बदल एका व्यापक तांत्रिक स्थित्यंतराचा भाग होता. महाराष्ट्रातील व भारतातील वाचकांना त्याची पुढील रूपे परिचित आहेत.

दूरध्वनी केंद्रे: भारतातील अनेक शहरांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या स्ट्रॉजर पद्धतीच्या दूरध्वनी केंद्रात रिले व पायरी-निवडक होते, तबकडी फिरवताच येणाऱ्या झटक्यांनुसार निवडक एकेक घर सरके. पिनबॉलमधील पायरी-घटकाचे तत्त्व हेच आहे. इ.स. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ पोर्टचे इलेक्ट्रॉनिक केंद्र विकसित केले. ते वातानुकूलनाशिवाय चालावे असे रचलेले असल्याने लहान गावांतही बसवता आले.

वीजमीटर: फिरत्या चकतीच्या जुन्या घरगुती मीटरमधील आकड्यांची चक्रे गुणचक्रांप्रमाणेच दृश्य स्मृतीचे काम करतात. वीज गेली तरी वाचन तसेच राहते. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये ही नोंद चिपमध्ये असते.

औद्योगिक नियंत्रण: कारखान्यांतील रिले-फलकांच्या जागी प्रोग्रॅम करता येणारे नियंत्रक, म्हणजेच पीएलसी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील वाहन उद्योगात आले. त्यांची शिडी-आकृती ही प्रोग्रॅमलेखनाची पद्धत रिलेंच्या मंडल-आकृतीवरूनच घेतलेली आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रिले व काँटॅक्टरची जोडणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास विद्युत-यांत्रिक पिनबॉलची आकृती वाचणे त्यामुळे फारसे अवघड जात नाही.